म्हातारीचं जळण

उकडलेल्या कंदांचा वास आला की मला आमच्या दोन वाड्यांचं भांडण आठवतं आणि हसू फुटतं. पाटाचं पाणी आधी कुणी वळवायचं, यावरून दोन्हीकडचे काठ्या घेऊन देवळात जमले. रीतीप्रमाणे काठ्या बाहेर भिंतीला टेकवल्या, पण आवाज चढतच गेले. एका म्हातारीने अंगणात चूल पेटवली. "सकाळपास्नं कुणी खाल्लं न्हाई. आधी खावा, मग भांडा!" गरम कंद सोलताना सगळ्यांचीच बोटं भाजली, हशा पिकला आणि खाता खाता पाण्याच्या पाळ्याही ठरल्या. निघताना काठ्या सापडेनात. "लाकडं कमी पडली व्हती," म्हातारी म्हणाली. हल्ली टीव्हीवर उपाशी देशांतली युद्धं दिसली की वाटतं, तिला तिकडे न्यायला हवं होतं; जळण भरपूर मिळालं असतं.