मंजूर चुकांची यादी

पद : संगीत नियोजक, श्रेणी दोन. वय : सेहेचाळीस. उंची : मध्यम. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर जुना व्रण. कर्तव्य : चार नभोवाणी केंद्रांवरून रोज वाजणाऱ्या गाण्यांचा क्रम व वेळ ठरवणे. सेवेत खंड : नाही. शिक्षा : नाही. प्रशंसा : एक (तोंडी). कुटुंब : सोबत राहते.

वरील वर्णन कार्यालयाच्या सेवापुस्तकातून जसंच्या तसं घेतलं आहे. त्यातल्या व्रणाबद्दल शंका नाही.

कार्यालयात त्यांना सगळे नव्वदराव म्हणत. एका गायकाचा आवाज एकदा वाजला की पुढची नव्वद मिनिटं तो पुन्हा वाजता कामा नये, हा नियम त्यांनी घातला होता आणि तो ते देवाची आण घेतल्यासारखा पाळत. आणखीही नियम होते. दोन रडकी गाणी लागोपाठ नकोत. बातम्यांच्या आधीचं गाणं पुरतं संपलं पाहिजे, त्याची शेपूट दारात अडकता कामा नये. आज सकाळी ज्या वेळी जे वाजलं ते उद्या त्याच वेळी नको. कारण त्याच माणसाला दाढी करताना दोन दिवस तेच गाणं ऐकू आलं, तर मधला दिवस गेलाच नाही असं त्याला वाटतं. आणि तसं वाटू न देणं हेच नभोवाणीचं मुख्य काम आहे, असं नव्वदरावांचं मत होतं. ते त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पूर्वी तिथे ध्वनिमुद्रण चाले, त्यामुळे भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या ठोकलेल्या आणि खिडकी विटांनी बुजवलेली. ध्वनिमुद्रण खाली गेलं, खिडकी बुजलेलीच राहिली. आत एक संगणक, पाठीवर टॉवेल टाकलेली खुर्ची, आणि बाहेर ऊन आहे की पाऊस हे सांगणारं काहीही नाही. रेडिओही नाही. नव्वदराव गाणी ऐकत नसत, बघत. पडद्यावर संथ गाणं निळं, उडतं पिवळं, नवं हिरवं. रंग नीट विणले गेले की यादी झाली. ती आठ दिवसांनी वाजे, तेव्हा ते पुढच्या आठ दिवसांच्या रंगांत असत.

आता ते अडकले कसे, तर चांगुलपणाने.

चार वर्षांपूर्वी एका लहान केंद्राच्या नियोजकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस त्या केंद्राची यादी तुम्ही पाठवाल का, असं विचारणारा कागद आला. नव्वदरावांनी तो आनंदाने घेतला, कारण ते केंद्र ज्या गावात होतं त्याच गावात त्यांची बायको आणि मुलगी राहत होती. बायको तिथल्या इस्पितळात रक्ततपासणीच्या विभागात नोकरीला. घर तिच्या वडिलांचं, आणि वडिलांची डावी बाजू अर्धांगाने गेलेली, म्हणून तिला गाव सोडता येत नव्हतं. नव्वदरावांनी पंधरा दिवस इतकी नीट यादी पाठवली, की नियोजक जागेवर नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. नियोजकाच्या मात्र आलं. त्याने परत येऊन हे पाहिलं आणि सरळ स्वेच्छानिवृत्ती घेतली. जागा सहा महिने रिकामी राहिली, कुठेही काही बिघडलं नाही, आणि न बिघडणारी रिकामी जागा रद्द करावी असा नियम असल्याने ती रद्द झाली. पुढे आणखी दोन केंद्रांवर हेच घडलं. अशा रीतीने नव्वदरावांनी तीन पदं स्वतःच्या हाताने संपवली, त्यातलं एक अगदी आपल्या घराजवळचं.

बदलीचे अर्ज वर्षातून एकदा घेतात. दरवर्षी पहिला अर्ज त्यांचा असे. कार्यक्रमप्रमुख मॅडम तो दरवर्षी पूर्ण वाचत. त्या बाबतीत त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

“अहो, तिथे पदच नाही.”

“पण काम तर आहे, मॅडम.”

“मग सध्या ते कोण करतं?”

“मी.”

“मग होतंय की.”

नव्वदराव जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर येत आणि त्या गावाची यादी करायला घेत.

शनिवारी अर्धा दिवस. तीनची बस तिकडे जाणारी शेवटची. ती सव्वासातला पोचवी. रविवारी संध्याकाळी परत. मुलगी बारा वर्षांची होती. पूर्वी ती फोनवर विचारायची, “बाबा, कधी येणार?” अलीकडे विचारायची, “बाबा, कधी जाणार?” त्यात राग नव्हता. रविवारी संध्याकाळी मैत्रिणीकडे जायचं असे आणि तिला तिची वेळ लावायची असे, एवढंच. पण नव्वदरावांनी त्या एका शब्दाचा बदल आठवडाभर उराशी बाळगला आणि मग एका रविवारी स्वयंपाकघरात बायकोला सांगितला.

बायको इस्पितळाचे पांढरे कोट इस्त्रीसाठी घड्या घालून ठेवत होती. म्हणाली, “तू जरा वाईट काम कर.”

“म्हणजे?”

“म्हणजे वाईट. आमच्याकडे रक्त मोजायचं मशीन एकच होतं. दुसरं मागितलं की साहेब म्हणायचे, चाललंय ना? एक दिवस ते बंद पडलं. आठवड्यात दोन आली.”

“आपोआप बंद पडलं?”

“ते तू विचारू नकोस.”

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, “मला सगळं ऐकू येतंय.”

“बाबा, तुम्ही रेडिओ ऐका.”

“तोच ऐकतोय. तुम्ही दोघं मधे मधे येताय.”

सासरे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उजवा हात शाबूत होता, आणि तो त्यांनी वहीसाठी राखून ठेवला होता. सकाळी सहा ते रात्री दहा रेडिओ चालू. जावई नोकरी करतो याचा आपल्याला दिसणारा एवढाच पुरावा आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि पुरावा तपासून घेत.

सोमवारी नव्वदरावांनी वाईट यादी करायला घेतली. केवळ त्या एका गावाची, आठवडाभराची. सकाळी सातला लागोपाठ चार संथ, रडकी गाणी. एकाच गायिकेचा आवाज तासात तीनदा. भर दुपारी बाराला अंगाई. बातम्यांच्या तोंडावर असं गाणं, की ते अर्ध्यातच तुटेल. संगणक प्रत्येक ठिकाणी लाल होऊन अडून बसे, कारण नियम नव्वदरावांनीच त्याला शिकवले होते. नियम मोडायचा तर कारण लिहा, आणि ते किमान पंधरा अक्षरांचं लिहा, हीसुद्धा त्यांचीच अट. त्यांनी प्रत्येक ओळीपुढे लिहिलं : ‘प्रायोगिक तत्त्वावर करण्यात येत आहे.’ चांगली यादी पावणेदोन तासांत होई. वाईट यादीला अख्खा दिवस लागला, डबा तसाच राहिला, कारण त्यांना ती नीट वाईट करायची होती.

मग आठ दिवस वाट पाहणं आलं. मधल्या गुरुवारी त्यांनी यादी उघडून अंगाई काढून टाकली. शुक्रवारी पुन्हा घातली.

आठव्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

“जावईबापू, तब्येत बरी आहे ना?”

“हो. का?”

“नाही, सकाळी सातला घरातून कुणी गेल्यासारखी गाणी लावलीत. मी लेकीला विचारलं, कुणाचं काही झालं का? ती म्हणाली, कुणाचं काही नाही, चहा घ्या.”

“बाबा, तुम्ही तक्रार करा.”

“तुमची?”

“माझीच. लेखी.”

पलीकडे थोडा वेळ वहीची पानं वाजली. “बघा हं. मी एकदा लिहायला बसलो की नातं बघत नाही.”

“बघू नका.”

पुढचे दहा दिवस नव्वदरावांनी जी झोप काढली तशी त्यांनी चार वर्षांत काढली नव्हती. अकराव्या दिवशी मॅडमनी वर बोलावलं. नव्वदरावांनी बदलीचा अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि जाताना केस विंचरले.

मॅडमच्या टेबलावर पत्रं होती. त्या केंद्राला वर्षाकाठी दोन पत्रं येत, आणि त्यातलं एक चुकून आलेलं असे. यंदा दहा दिवसांत एकतीस आली होती.

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “ऐका. हे एका किराणा दुकानदाराचं. ‘बऱ्याच दिवसांनी तिथे कुणीतरी माणूस बसलाय असं वाटलं.’ ही शिवणकाम करणारी बाई. ‘एकच आवाज तीनदा आला. लावणाऱ्यालाही आज राहवलं नसेल.’ आणि हे बघा, ‘बातम्यांच्या आधी गाणं तुटलं तेव्हा आम्ही सगळे हसलो, मग बातम्याही ऐकल्या.’ बातम्या ऐकल्या, नव्वदराव. हे लोक बातम्या ऐकतायत.”

“तक्रारी?”

“एक आहे.” मॅडमनी नऊ पानं उचलली. उभे-आडवे रकाने आखलेले, प्रत्येक गाण्याची वेळ सेकंदापर्यंत, शेवटी ‘सबब संबंधितास तात्काळ हलवावे’ अशी मागणी आणि खाली ठसठशीत सही. “हे गृहस्थ कोण?”

“माझे सासरे.”

“मग ही धरता येणार नाही. नातेवाइकांच्या अर्जांबद्दल नियम आहे.”

“पण ती माझ्या विरोधात आहे, मॅडम.”

“विरोधात असली तरी नातं नातंच.”

नव्वदरावांनी खिशाला हात लावला आणि ठरवलं, की आता खरंच सांगून टाकावं. “मॅडम, मी हे वाईट व्हावं म्हणून केलं होतं.”

मॅडमनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. “किती साधेपणाने बोलता हो तुम्ही.”

खरं बोलून उपयोग न होण्याचे प्रसंग त्यांच्यावर नोकरीत आधीही आले होते. पण खरं बोलल्याबद्दल शाबासकी मिळण्याचा हा पहिलाच. तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. अर्ज बाहेर काढून टेबलावर ठेवला. “पत्रांमधून एकच गोष्ट दिसते. लोकांना तिथे माणूस हवाय. तिथे माणूस बसवायला हवा.”

“माणूस बसलाय असं त्यांना वाटतंय ना?”

“वाटतंय.”

“मग बसवायचा कशाला?”

आठवड्यात परिपत्रक निघालं. सदर प्रयोग चारही केंद्रांवर तीन वर्षं राबवण्यात यावा. प्रयोगाचे स्वरूप पाहता संबंधित कर्मचाऱ्यास या काळात हलवण्यात येऊ नये. संगणकवाल्यांनी येऊन यादीत एक नवा प्रकार घालून दिला. संथ निळं, उडतं पिवळं, नवं हिरवं, आणि चूक तांबडी. दर केंद्रामागे आठवड्याला सहा चुका, वरून मंजूर करून घेतलेल्या. तुटलेलं गाणं, भलत्या वेळची अंगाई, पुन्हा तोच आवाज. मंजुरीचा कागद शनिवारी दुपारी यायचा, आणि त्या चुका घालून यादी त्याच दिवशी पुरी करायची. संगणक तर नव्वदरावांनीच शिकवलेला. एक चूक झाली की तीच चूक नव्वद मिनिटांत पुन्हा करू द्यायला त्याने आपण होऊन नकार दिला. नव्वदरावांना तो त्या दिवशी प्रथमच सहकारी वाटला, आणि त्यांना तो आवडला नाही.

बायकोला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. पाठीमागे इस्पितळातली नळ्यांची गाडी खडखडत गेली.

“वाईटसुद्धा तू नीटच केलंस,” ती म्हणाली.

“मन लावून केलं, हेच चुकलं.”

“आमचं मशीन बरं होतं. त्याला मन नव्हतं.” मग म्हणाली, “या शनिवारी येतोयस ना?”

“मंजुरी किती वाजता येते त्यावर आहे.”

“म्हणजे नाही.”

“म्हणजे बघतो.”

“ती विचारत होती.”

“काय? कधी जाणार?”

“नाही,” बायको म्हणाली. “येणार आहे का.”

सासऱ्यांची नऊ पानं ‘अग्राह्य’ असा शिक्का बसून परत आली. त्यांनी त्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर पुढची मोजणी सुरू केली. चौथ्या आठवड्यात त्यांनी जावयाला फोन करून सांगितलं, “परवा बुधवारी पावणेबाराला अंगाई येणार, आणि संध्याकाळी सहाच्या बातम्यांआधी एक गाणं तुटणार.” दोन्ही झालं. “चुका बऱ्या जमतायत,” ते म्हणाले, “पण एका अंतरावर येतायत. मोजणाऱ्याला कळतं ते.” पुढे न मोजणाऱ्यांनाही कळलं असावं. किराणा दुकानदाराचं पत्र पुन्हा आलं नाही, शिवणकामवाल्या बाईचं आलं नाही, आणि वर्षअखेरीस त्या केंद्राची आवक नेहमीप्रमाणे दोन पत्रांवर आली. नव्वदरावांनी हे मॅडमच्या नजरेस आणून दिलं. मॅडम म्हणाल्या, परिपत्रकात तीन वर्षं लिहिलंय, पत्रांचं काही लिहिलेलं नाही.

त्या वर्षीचा बदलीचा अर्ज त्यांनी भरला नाही. भरला असता तर तो पुन्हा वाचण्याची वेळ मॅडमवर आली असती, आणि त्यांनी तो पूर्ण वाचला असता.

सेवापुस्तकात त्या सुमारास नव्या नोंदी झाल्या. त्या अशा. कर्तव्य : पूर्वीप्रमाणे, अधिक मंजूर चुकांचे नियोजन. सेवेत खंड : नाही. शिक्षा : नाही. प्रशंसा : दोन (पैकी एक लेखी). बदलीस पात्र : तीन वर्षांनंतर, प्रयोगास मुदतवाढ न मिळाल्यास. कुटुंब : सोबत राहते.

शनिवारची शेवटची बस तीनला सुटते. यादी साडेचारला पुरी होते.