साडूच्या मोटारीचा पिकअप

माझी आणि माझ्या साडूची, भाड्याने चालवायची मोटार एकाच बनावटीची होती. रंगही एकच, पांढरा. मी ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केली आणि दलाल रडकुंडीला येईपर्यंत घासाघीस करून माझी मोटार घेतली. साडू सरकारी वर्कशॉपात पगार घेत घेत काम शिकला आणि साहेबाच्या ओळखीने त्याला मोटार मिळाली. त्याचंही मला एवढं वाटलं नसतं.

पण त्याने अॅक्सिलरेटर दाबला की त्याची मोटार सुटायची, आणि माझी आधी खोकायची. क्षणभर दम कोंडल्यासारखी व्हायची, मग हिसका देऊन पुढे जायची. मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं, तर प्लग काजळीने काळे झाले. कमी केलं, तर पांढरेफटक. शेवटी प्लगला चहाचा रंग आला, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण जमलं. खोकला मात्र तसाच. वाशीमच्या मिस्त्रीशी माझं मजुरीवरून वाजलेलं होतं, आणि साडूला विचारण्यापेक्षा मी मोटार ढकलत नेली असती. त्यात सासरे माझ्या तोंडावर म्हणायचे, "लहान्या जावयाची गाडी म्हंजे लोणी!"

दसऱ्याला दोन्ही मोटारींची पूजा सासऱ्यांच्या अंगणात व्हायची. बॉनेट उघडून इंजिनला हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. साडूचं इंजिन नीट बघायची मला तेवढीच संधी, म्हणून त्या वर्षी मी त्याच्या बॉनेटजवळून हललोच नाही. त्याने कार्बोरेटरच्या डोक्यावरची काळी टोपी फिरवून काढली. टोपीच्या खाली पितळी दांडी होती. आत थोडं तेल ओतून त्याने ती परत बसवली. माझ्या मोटारीची ती टोपी मी कधी उघडलीच नव्हती.

"हे कायले?" मी विचारलं.

"पिकअपले, भाऊ. आत तेल नसलं का कार्बोरेटरातला पिस्टन भसकन वर उडते. हवा घुसते अन् पेट्रोल मागं राह्यते. मंग गाडी खोकलते. तुमची खोकलते तशी."

"कोणतं तेल?"

त्याने समईकडे बोट दाखवलं. "करडीचं. घाणीवरचं."

मेहुणी तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, मला एवढंही ठाऊक नाही म्हणून हसते आहे.

घरी येऊन टोपी उघडली, तर आत ठणठणीत कोरडं. करडीचं तेल घातलं आणि मोटार अशी सुटली, की मी एकटाच मोठ्याने हसलो. त्याच भरात अनसिंगच्या एका बड्या शेतकऱ्याकडे गेलो. त्याच्या मुलाची वरात मंगरूळपीरला जायची होती. आमच्याकडे नवरदेव ज्याच्या मोटारीत बसला, त्यालाच त्या लग्नसराईत मोठ्या घरांची बोलावणी येत. साडूनेही शब्द टाकला होता. पण बोलण्यात मला कोण हरवणार? नवरदेव मला मिळाला आणि साडूला करवल्या.

लग्नाच्या दिवशी माझ्या बॉनेटवर झेंडूच्या माळा होत्या. निघालो तेव्हाच मोटार जड वाटत होती. वाशीम मागे पडलं, पहिला चढ आला, मी अॅक्सिलरेटर दाबला आणि मागून काळा धूर निघाला. आणखी दाबला तर मोटार घुसमटून बंदच पडली. मागून साडू आला. त्याने काळी टोपी फिरवली, ती निघेना. ओढून काढली, तर दांडीला पिवळा चिकटा.

"काय घातलं यात?"

"तूच त सांगितलं, करडीचं!"

"अवो, मजाक केली होती मी! गरमीनं तेलाचा डिंक होते. कढईची कड पाह्यली नाई का कधी? पिस्टन चिकटला. हवा येऊन नाई राह्यली अन् नुसतं पेट्रोल पिऊन राह्यली गाडी."

"इंजिनाचं तेल लागते हे सांगाले तोंड दुखत होतं का तुह्यं?" मी त्याची कॉलर धरली.

नवरदेवाचा बाप मध्ये पडला. "भांडण मंगरूळले करा. मुहूर्त टळून राह्यला." त्याने नवरदेवाला साडूच्या मोटारीत बसवलं. करवल्या माझ्या मोटारीत आल्या, आणि माझ्या बॉनेटवरच्या माळा सोडून तिकडच्या बॉनेटवर बांधल्या.

तेवढ्यात साडूने पेट्रोलच्या फडक्याने पिस्टन पुसला, त्यावर इंजिनचं तेल घातलं आणि म्हणाला, "आता पाहा." मी किल्ली फिरवली. अॅक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला, तर मोटार पुढे झेपावली. इतकी सुरेख ती आधी कधीच चालली नव्हती.

पण नवरदेवाच्या मोटारीला मागे टाकणं अपशकून. म्हणून मंगरूळपीरपर्यंत मी ब्रेकवर पाय ठेवून साडूच्या मागे गेलो. तो मुद्दाम हळू चालवत होता. "काका, काढा ना पुढं!" करवल्या ओरडत होत्या, आणि माझ्या माळांचा झेंडू उडून माझ्याच काचेवर येत होता.