आळीपाळीचा श्वास

त्या वर्षापर्यंत माझी श्रद्धा कधी कसाला लागलीच नव्हती. स्वातंत्र्य मिळून थोडाच काळ झाला होता. आम्ही खोपोलीत राहायचो. माझे मालक तिथल्या वीजघरात कामाला. माझ्या पाच वर्षांच्या मंगलला ताप भरला, पाय लुळे पडले आणि मग छातीच नीट हलेना. मुंबईच्या इस्पितळात श्वास देणारी पेटी आहे, ताबडतोब न्या, असं डॉक्टर म्हणाले. माझे सासरे, मामंजी, महडच्या गणपतीचे मोठे भक्त. ते दारात आडवे आले. "श्वास देवानं मोजून दिल्याला असतो गं. मशिनीनं तो वाढवायचा, ह्यो अधिकार आपल्याला कुनी दिला?" बोलताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. मी मंगलला पदराखाली घेतलं आणि त्याच गणपतीचं नाव घेत मालकांबरोबर गाडीत बसले.

इस्पितळात पेटी होती, पण एकच, आणि तिच्यात तारा नावाची सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. गळ्यापर्यंतचं अंग लाकडी पेटीत, बाहेर फक्त डोकं. भात्यासारखा आवाज करत पेटी तिची छाती हलवायची. ताराला आता स्वतःहून थोडा वेळ श्वास घेता येत होता, पण त्याचा भरवसा नव्हता. दुसरीच्या तोंडचा श्वास काढून माझ्या लेकीला द्या, असं मागू तरी कशी? मी भिंतीला टेकून नुसती उभी राहिले. ताराचं आमच्याकडे लक्ष गेलं. पेटी श्वास सोडायची तेवढ्यातच तिला बोलता यायचं, म्हणून शब्द तुटत आले. "मला... बाहेर घ्या. तिला... घाला." डॉक्टरांनी तिच्या आईकडे पाहिलं. ती माउली रडत होती. म्हणाली, "पोर माजी हाय, पन श्वास तिचा हाय. ती म्हनते तसं करा."

मंगलला पेटीत ठेवलं. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. इकडे तारा खाटेवर एकेक श्वास ओढत होती. काही वेळानं तिची नखं निळी दिसू लागली. आता मंगलला बाहेर काढणं भाग होतं. माझे दोन्ही हात पेटीला घट्ट धरून राहिले. 'देवा, माझीला राहू दे,' असं ओठांवर आलं होतं, तोंडून निघालं, "दोघी तुझ्याच." आणि हात सुटले. तारा पेटीत गेली, आणि मंगलचा श्वास चालू राहावा म्हणून नर्सबाई तिची छाती हातांनी दाबत राहिल्या. अशी आळीपाळी कितीतरी दिवस चालली. आधी ताराचा बाहेरचा वेळ वाढला, मग मंगलचा.

दोघी वाचल्या. मंगल डावा पाय ओढत चालते, पण चालते. घरी आल्यावर मामंजींनी सगळी हकिकत ऐकली. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला घेऊन महडला गेले, पुजाऱ्याच्या हाती दोन नारळ दिले. "एक आमच्या मंगलचा, एक त्या तारा पोरीचा. तिचा आदी फोडा."

मी हात जोडून उभी होते. त्या दिवशी मागायला काहीच आठवलं नाही.