गुणरत्न ताम्राकार, आतला माणूस

नेपाळातल्या पाटणच्या ताम्राकार टोलात, म्हणजे तांबटांच्या आळीत, दिवस उजाडतो तो तांब्यावरच्या ठोक्यांनी. गुणरत्नच्या हातातही बापाने हातोडी दिली होती. पण त्याने घडवलेल्या पहिल्याच घागरीतलं पाणी चौकातल्या पाणवठ्याच्या दगडी धारेपासून घरी येईतो संपलं, तेव्हा बा शांतपणे म्हणाले, "तू लोकसेवेची परीक्षा दे. सरकारी नोकरीत पाणी भरून दाखवावं लागत नाही."

गुणरत्न स्वतःच ही गोष्ट रंगवून सांगायचा आणि वर म्हणायचा, "बा चुकले. मी पुढे जन्मभर पाणीच भरलं."

परीक्षा पास होऊन तो नायब सुब्बा, म्हणजे वरच्या दर्जाचा कारकून, झाला. काही वर्षं म्हशींच्या लसीकरणाच्या खात्यात शिक्के मारले आणि मग काठमांडूला, सगळी मंत्रालयं जिथे आहेत त्या सिंहदरबारात, सुरक्षा सल्लागार मंडळाच्या सचिवालयात त्याची बदली झाली. कचेरीचं नाव ऐकून बायकोने, ज्ञानशोभाने, त्याला नवा कोट शिवून आणला. काम होतं बैठकीची खोली लावायचं.

खोली लावणं हे साधं काम नव्हे, असं गुणरत्न स्वतःला रोज बजावायचा. टेबलाच्या डोक्याशी पंतप्रधान. उजव्या हाताला संरक्षण, गृह, परराष्ट्र आणि अर्थ खात्याचे मंत्री. डाव्या हाताला सेनापती आणि मुख्य सचिव. पायथ्याशी सदस्य-सचिव, म्हणजे बोलणं टिपून घेणारे आणि मंडळाच्या शिफारशी मंत्रिमंडळाकडे पोचवणारे. राहता राहिले सुरक्षा सल्लागार. त्यांचा मान मोठा, पण ते सदस्य नव्हेत. त्यांनी सल्ला द्यायचा, मत द्यायचं नाही. त्यामुळे त्यांची खुर्ची टेबलाला चिकटलेलीही नको आणि भिंतीला टेकलेलीही नको. ती नेमकी कुठे ठेवावी याचा गुणरत्नने जितका विचार केला, तितका स्वतःच्या लग्नाचाही केला नव्हता. तज्ज्ञ मंडळी भिंतीकडेने, विचारलं तरच तोंड उघडणारी. एकदा सगळे बसले की दार लागे आणि गुणरत्न दाराबाहेर. देशाच्या गुपितांपैकी त्याला एकच ठाऊक होतं: एक बडे साहेब बिनसाखरेचा चहा मागतात आणि शेजारच्या बशीतली बिस्किटं उचलतात.

टोलाला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. गुणरत्न तर सांगणाऱ्यातला नव्हताच.

"गुणदाजू, सरकार टिकतंय का?" चहावाली तुल्सीमाया त्याला दादा मानून विचारायची.

गुणरत्न कपात बघत राहायचा. मग हळूच म्हणायचा, "बोलता येत नाही, बहिणी."

यात खोटं काहीच नव्हतं. माहीतच नसेल तर बोलता कसं येणार? पण 'बोलता' आणि 'येत नाही' यांच्यामध्ये तो असा काही थांबा घ्यायचा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. शेजारचे निवृत्त मास्तर हेराकाजी श्रेष्ठ तर त्या थांब्याचा अर्थ लावण्यात दुपार घालवायचे.

पुढे भक्तपूरला सासूबाईंचा जंक्वा ठरला. म्हातारपण गाठल्याबद्दल लेकीसुना, नातवंडं माणसाला रथात बसवून मिरवतात आणि मग जेवणावळ उठते, तो सोहळा. जावयाच्या वाट्याला स्वयंपाकाचा गॅस आला. गुणरत्नने कचेरीतून येता येता दोन भरलेले सिलिंडर टेम्पोत घातले आणि आपल्या दारात उतरवले.

हेराकाजी पायरीवर ऊन खात बसले होते. त्यांनी सिलिंडर पाहिले, मग गुणरत्नचा कोट पाहिला.

"दोन-दोन? दाजू, काही येतंय का?"

"सासूबाईंचा जंक्वा आहे" हे तीन शब्द गुणरत्नच्या जिभेवर आले होते. पण सासूबाईंसाठी सिलिंडर वाहणारा जावई आणि देशाच्या पोटातलं ओळखणारा माणूस, यांत निवड करायची वेळ आली आणि जीभ घसरली. त्याने आभाळाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "बोलता... येत नाही, मास्तर."

झालं! सीमेवरच्या मागच्या नाकाबंदीत गॅस संपला, तेव्हा लोकांनी दारं-खिडक्या फोडून भात शिजवला होता, तो धूर अजून नाकातून गेला नव्हता. त्यात दरड कोसळून सीमेकडचे ट्रक रखडलेले. दुसऱ्या दिवशी टोलातल्या गॅसच्या दुकानापुढे रांग लागली. ती मंगलबझारपर्यंत गेली, मग पुलचोकपर्यंत. गुणरत्न त्या रांगेच्या कडेने कोट सावरत कचेरीला गेला. लोकांनी त्याला वाट करून दिली. त्याला ते आवडलं, हे पुढे त्यानेच कबूल केलं.

कचेरीत मोठ्या बैठकीच्या तयारीची बैठक होती. तिला मंत्री नसत, निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी असत आणि अध्यक्ष सुरक्षा सल्लागार, एक निवृत्त जनरल. हिला दार लागत नसे, म्हणून गुणरत्न पाण्याची सुरई घेऊन आतच होता.

गृह खात्याचा तरुण अधिकारी उभा राहिला. "हजूर, पाटणमध्ये गॅसची अफवा आहे. तुटवडा नाही, पण रांगांमुळे उद्या होईल. अफवा तिथल्याच एका टोलातून निघाली. लोक म्हणतात, सुरक्षा मंडळातल्या आतल्या माणसाने साठा केलाय."

जनरलसाहेबांनी सेनेच्या प्रतिनिधीकडे पाहिलं. त्याने परराष्ट्रवाल्याकडे पाहिलं. परराष्ट्रवाल्याने भिंतीकडच्या तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञांनी एकमेकांकडे.

गुणरत्नने सुरई टेबलावर ठेवली. भीती तर होतीच, पण त्याहून जास्त अपमान वाटला. एवढ्या लोकांनी एवढ्या लोकांकडे संशयाने पाहिलं, पण त्याच्याकडे एकाचीही नजर वळेना!

"हजूर," तो म्हणाला, "तो मी."

"तू काय?"

"आतला माणूस."

जनरलसाहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू तर पाणी देतोस ना?"

"हो हजूर. आणि खुर्च्या लावतो." मग त्याने सासूबाईंपासून सगळं सांगितलं. गृहवाला हसू दाबता दाबता खोकू लागला. जनरलसाहेब मात्र हसले नाहीत.

"आत्ता घरी जा," ते म्हणाले. "लोकांना खरं सांग. अफवा मोडली की परत ये. आणि जायच्या आधी पाणी दे."

तुल्सीमायाच्या दुकानापुढे गुणरत्न बाकावर चढला. "ऐका! काही तुटवडा-बिटवडा येणार नाही! सिलिंडर जंक्व्यासाठी आणलेत!"

मग हेराकाजींनी मान डोलावली. "भर दुपारी घरी पाठवलं. बाकावर चढून बोलायला लावलं. म्हणजे प्रकरण फारच वर गेलंय."

"अहो मास्तर, खरंच काही नाही!"

"कळलं, दाजू. तुम्हाला बोलता येत नाही." आणि मास्तर घरातला रिकामा सिलिंडर आणायला निघाले.

गुणरत्न मटकन बाकावर बसला. ज्ञानशोभा वरून खिडकीतून हे पाहत होती. ती उडदाच्या पिठाने माखलेल्या हातांनीच खाली आली.

"मास्तर, थांबा. हे तिथे काय करतात, ठाऊक आहे? खुर्च्या लावतात. दार लागलं की बाहेर उभे राहतात."

"वहिनी, तुम्हाला तसं सांगितलं असेल. गुप्ततेसाठी."

"गुप्तता? यांना माझ्या वाढदिवसाला आणलेला केसांचा चिमटा लपवता आला नाही, आदल्या दिवशीच दाखवून टाकला. सांगा हो, मास्तरांना सगळं सांगा."

गुणरत्नने सांगितलं. टेबल, डोकं, पायथा, उजवा हात, डावा हात.

"म्हणजे हे सगळे मिळून ठरवतात?" तुल्सीमायाने विचारलं.

"नाही. ते शिफारस करतात. ठरवतं मंत्रिमंडळ."

"आणि ते सल्लागार?"

"ते शिफारस करणाऱ्यांना सल्ला देतात."

"आणि तुम्ही?"

"मी सल्ला देणाऱ्यांना पाणी देतो."

तुल्सीमाया आधी हसली. मग चौकभर हशा पिकला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, तांब्याचे ठोके थांबले. पण मास्तरांनी मात्र रिकामा सिलिंडर खाली ठेवला आणि चेहरा पाडून म्हणाले, "आपल्याकडे एक आतला माणूस होता. तोही गेला."

दोन-तीन दिवसांत दरड हटली, ट्रक आले आणि रांग मोडली. ती ट्रकमुळे मोडली की ज्ञानशोभामुळे, हे ठरवणं मंडळाच्याही कक्षेत येत नव्हतं. जनरलसाहेबांनी गुणरत्नला शिक्षा केली नाही. "शिक्षा कुठल्या कलमाखाली करायची," म्हणाले, "सुस्काऱ्याला कलम नाही."

टोलात त्याला आता कोणी काही विचारेना. चहा पिऊन होई आणि कप नुसताच रिकामा राही. पहिले काही दिवस त्याला फार जड गेले. कोट त्याने खुंटीला टांगून ठेवला.

मग एका शनिवारी हेराकाजींनी चौकातल्या ओट्यावर बाघचालीचा, म्हणजे वाघ-बकऱ्यांच्या सोंगट्यांचा, डाव मांडला आणि हाक मारली, "गुणरत्न, ये रे. आजवर तुझ्याशी खेळायची छाती होत नव्हती. वाटायचं, हा डावपेचवाला माणूस."

गुणरत्नने ऐटीत वाघ घेतले. मास्तरांच्या बकऱ्यांनी त्याचे चारही वाघ कोपऱ्यात कोंडले, आणि चौकात सगळ्यात मोठ्याने तोच हसला.