सुनेला दाखवलेली आशा

लिहिण्यात चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे — माफ करा. चौथीनंतर पेन हातात फारसा आलाच नाही. आणि हे तर मी तोंडानंही कुणाला सांगितलेलं नाही.

माझा मुलगा दारू पिऊन बायकोला मारायचा. सून, रेखा, नेकनूरला माहेरी निघून गेली. मग केजच्या एका समुपदेशक बाईंनी दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवायला सुरुवात केली. मी आपली पदर धरून कोपऱ्यात. एकदा बाईंनी रेखाला विचारलं, अजून काही आशा वाटते का?

"न्हाई वाटत," ती खाली बघून म्हणाली.

इथं मी गप्प बसायचं होतं. गप्प बसणं एवढंच तर मला जमतं — मग त्याच दिवशी जीभ कशी उचलली?

"सुधरलाय गं तो. पोळ्यापासून थेंब घेतला न्हाई. लई वाट बघतो तुझी."

"इहीणबाईला तोंड हाय म्हनायचं," रेखाची आई हसली. बाईही हसल्या. रेखा मात्र माझ्याकडं बघत राहिली. कधी न बोलणारी बाई खोटं कशाला बोलेल — असंच वाटलं असेल ना तिला?

त्या सकाळी मी त्याच्या उलटीवर राख टाकून आले होते.

का बोलले? सांगते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून पूर्ण कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मी आधीच घेतली होती — त्यातून घरावर पत्रेही टाकले होते. रेखा आली नसती तर अर्धे पैसे परत द्यावे लागले असते. बाई आशेबद्दल बोलत होत्या, आणि मी मुकादमाचा विचार करत होते. मलाही आशा होती असं म्हणू का? नव्हती. एवढीही नव्हती.

रेखा आली. फडात त्यानं तिला उसानंच मारलं. उजव्या हाताची बोटं मोडली.

माहेरी जाताना त्याला ती काही बोलली नाही. मला म्हणाली, "आत्याबाई, तुमी बोललात म्हनून आलते मी."

एवढंच. मी भांडी घासत राहिले — वर बघितलं नाही.

पुढं तिच्या जागी मी मुलाबरोबर कोयता धरला. तिची बोटं अजून मिटत नाहीत असं कळतं. यंदा मुकादमाची उचल फिटली. एक रुपयाही बाकी नाही.