विटकरीची भुकटी

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. कळंबहून रोज स्कूटीवर गावातल्या शाळेत जायचं, परिपाठाला पोरं रांगेत उभी करायची आणि प्रार्थना झाली की एकेकाची नखं, केस, दात तपासायचे, हा माझा नेम. मॅडमचा वर्ग कसा लख्ख असतो, असं कुणी म्हटलं की मी दिवसभर खुशीत असायचे.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. वेण्या घट्ट, वाचन खणखणीत. पण पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग. तिचं घर गावाबाहेर, शेतात. दात घासत नाहीस म्हणून मी तिला रोज रांगेबाहेर काढायचे. घासते की मॅडम, असं ती म्हणायची आणि मला ते खोटं वाटायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी शेजारच्या वर्गाच्या सरांना हसत सांगितलंही होतं. एक दिवस वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, "ब्रशनं निघत नसेल तर विटकरीनं घास, पण उद्या मला ते पिवळं दिसायला नको." पोरं हसली. मीही हसले.

त्यानंतर वाचायला उभी राहिली की ती तोंडावर हात धरायची. शब्द नीट ऐकू येईनात, म्हणून मी दुसऱ्या मुलीला उभं करू लागले.

पंधरा-वीस दिवसांनी शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली. दातांची डॉक्टर तरुण होती. बॅटरीच्या उजेडात तिनं त्या मुलीचं तोंड पाहिलं आणि ती थबकली. हिरड्या सोलवटल्या होत्या. कशानं घासतेस, असं तिनं विचारलं.

"इटकरीच्या भुकटीनं."

"कुणी सांगितलं?"

मी शेजारीच यादी घेऊन उभी होते. मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"कुणी न्हाय. म्याच."

नऊ वर्षांच्या पोरीनं मला पाठीशी घातलं आणि मी घालू दिलं. याची लाज मला आजही वाटते. मी यादीत पुढचं नाव शोधत राहिले.

डॉक्टरनं मग मला समजावलं. हे डाग शेतातल्या बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे. दात हिरडीत तयार होतानाच पडलेले, घासून जायचे नाहीत. अशानं दातच झिजतील. उलट ही पोरगी दात नीट घासते, कीड एकही नाही.

उद्या सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, असं घरी जाताना पक्कं ठरवलं. प्रत्यक्षात परिपाठाला मी पाण्यावर माहिती दिली. शेतात राहणाऱ्यांनी प्यायला गावातल्या नळाचं पाणी न्यावं, घरी सांगावं, वगैरे. माझ्या चुकीचा त्यात एक शब्द नव्हता. आजपासून फक्त नखं बघणार, असं सांगून मी रांगेतून फिरू लागले.

तिच्यापाशी आले. तिनं हात पुढं केले आणि न सांगताच, सवयीनं, तोंडही उघडलं. हिरड्या अजून लालच होत्या.

"मिट बाळा," एवढंच मी म्हणाले. तिनं मिटलं. पुढं वर्षभरात माझ्या वर्गात ती मोठ्यानं वाचायला उभी राहिली नाही.