ट्रॅक्टरची शेपटी

त्या आवारात खताचे ढीग एका रांगेत उभे असतात. पालापाचोळा, शेण, लाकडाचा भुसा, सगळं थरावर थर रचलेलं. ढीग आतून तापतो, सकाळी त्याच्या माथ्यावरून वाफ निघते, आणि वेळच्या वेळी उलथला नाही तर तो आंबून वास मारतो. हे उलथायचं काम एक म्हातारा ट्रॅक्टर करतो. त्याच्या पुढे मोठ्या बादलीचा लोडर आहे, आणि तो बाजारातून आणलेला नाही. उस्तादांनी तो भंगारातलं लोखंड जोडून स्वतःच्या हातांनी उभा केला. म्हणून तर सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. काही लोक वेगळंही म्हणतात, पण ते पाठीमागे.

उस्तादांची कंबर गेली तेव्हा त्यांची बायको त्या सीटवर बसली. चार दिवसांसाठी म्हणून बसली. ते चार दिवस काही संपले नाहीत. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणू लागली आणि खत भरायला आली की आधी तिलाच शोधू लागली.

ट्रॅक्टर स्वभावाने हट्टी. बादली रिकामी असली तर ऐकायचा. ती ओल्या खताने भरली की सगळा भार पुढच्या चाकांवर यायचा आणि स्टिअरिंग जागचं हलायचं नाही. उस्ताद ते छाती लावून फिरवत. काकूंनी आपली रीत शोधली. उभ्या जागी कधी वळवायचं नाही, चाक जरासं घरंगळू द्यायचं आणि मग ओढायचं. बादली गुडघ्याच्या वर नेऊन चालायचं नाही. अशी वर्षं गेली. स्वयंपाकघरातून काकूंना समोरची भिंत दिसायची. सीटवर बसलं की सगळे ढीग दिसायचे, त्यांची वाफ दिसायची, कुंपणापलीकडचा रस्ता पार वळणापर्यंत दिसायचा. त्या सीटवर त्यांनी जुन्या गोधडीची उशी शिवून घातली होती.

मग उजवा खांदा धरला. काकू कोणाला बोलल्या नाहीत. केस डाव्या हाताने कसेबसे गुंडाळून गाठ मारू लागल्या. उस्ताद फाटकाजवळच्या खुर्चीवरून सगळं बघत.

"सोमवारपासून ड्रायव्हर येतोय," एका दुपारी ते म्हणाले.

"कशाला?"

"तुला वेणी घालता येईना. ट्रॅक्टर काय वळवणार?"

"वेणी न घालता वळवेन."

"अगं, लोक मला नावं ठेवतात. बायकोला राबवतो म्हणून."

"आणि बायकोला घरात बसवलं म्हणजे आरती ओवाळणार आहेत?"

पण ड्रायव्हरला शब्द गेला होता. काकूंनी त्या संध्याकाळी आपल्या भावाला फोन केला. भाऊ पलीकडच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तो रविवारी सकाळी पिशवी घेऊन हजर झाला.

"दाजी, गाडी जरा बघतो तुमची," तो म्हणाला.

"बघ की. बघायला काय जातंय? मेहुणे बघण्यातच पटाईत असतात."

भावाने काकूंना बादली जमिनीवर दाबायला सांगितली. बादली दाबली तशी ट्रॅक्टरने मान वर केली आणि पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. खाली लाकडाचे ठोकळे सरकवून तो आत शिरला. ग्रीस भरायची तोंडं वाळलेल्या खताने बुजली होती. ती त्याने खिळ्याने कोरून काढली आणि ग्रीस दाबत राहिला, तेव्हा कुठे जुनी घाण काळ्या अळ्यांसारखी बाहेर आली. टायरात हवा कमी होती, तीही भरली.

"आता फिरव."

काकूंनी एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं. हवेतली चाकं लहान मुलाने मान हलवावी तशी इकडून तिकडे गेली.

चाकं खाली टेकवली. रिकाम्या बादलीनेही ट्रॅक्टर गुणी वागला. पण पहिल्या ढिगातून बादली भरून उचलली मात्र, पुन्हा तोच हट्ट. काकूंनी ओठ दाबून ओढलं, आणि खांद्यातून कळ गेली तशी स्टिअरिंग सोडून दिलं.

"झालं?" खुर्चीवरून आवाज आला. "लोखंड आहे ते. त्याला मनगट लागतं."

भाऊ ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारून मागे उभा राहिला.

"स्टिअरिंगला काही झालेलं नाही, ताई. ओझं सगळं तोंडाशी आहे. मागं काहीच कसं नाही? लोडरवाल्या ट्रॅक्टरला मागं वजन लागतं. मागं दाबलं की पुढं हलकं होतं."

"होतं की वजन," काकू म्हणाल्या. "उस्तादांनीच ओतलेलं. काँक्रीटचा ठोकळा."

"मग गेला कुठं?"

काकूंनी हनुवटीने नळाकडे दाखवलं. नळाखाली चौकोनी ठोकळा होता, वरून घासून गुळगुळीत झालेला. दोन्ही बाजूंना लोखंडी कान बाहेर आलेले. एका कानावर साबणाची वडी वाळत पडली होती. कित्येक वर्षं काकू त्याच्यावर धुणं आपटत होत्या.

"दाजी, हा काढला कशाला?"

"नुसता भार तो," उस्ताद फाटकाकडे बघत म्हणाले. "आधीच ट्रॅक्टर जड, त्याला आणखी शेपटी कशाला? डिझेल जातं."

"शेपटी नाही म्हणून तर तो तोंडावर पडतोय."

"आणि धुणं कशावर धुणार ती? तुझ्या डोक्यावर?"

"माझं मी बघेन," काकू म्हणाल्या.

त्यांनी ट्रॅक्टर हळूहळू मागे घेत नळापर्यंत नेला. भावाने मागचे लोखंडी हात ठोकळ्याच्या कानांत बसवले, वरचा दांडा जोडला, खिळी ठोकली. काकूंनी ते हात उचलायचा लिव्हर ओढला. ठोकळा जमिनीपासून सुटला. त्याच्याखाली ओल्या मातीचा काळा चौकोन राहिला आणि त्यातून गोगलगायी निघाल्या.

मग बादली भरली. काठोकाठ. काकूंनी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि ट्रॅक्टर पुढे सोडला. तो वळला. हाताने सांगितलं तेवढा वळला. काकूंनी खत दुसऱ्या ढिगावर ओतलं, परत आल्या, परत भरली. भाऊ हात पुसत उभा होता.

तिसऱ्या खेपेला काकूंना जरा जोम आला. मागे घेताना त्या वेगात आल्या. मागे आता हातभर शेपटी आहे हे अंगवळणी पडलं नव्हतं.

"भिंत!" उस्ताद ओरडले. कंबर विसरून ते खुर्चीतून उभे राहिले होते. "अगं, भिंत सांभाळ! तिथंच माझा पण..."

काकूंनी ब्रेक दाबला. ठोकळा स्वयंपाकघराच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला. इंजिन धडधडत राहिलं. उस्ताद अर्ध्या वाक्यात उभे होते.

"तिथंच तुमचा पण काय, दाजी?" भावाने विचारलं.

काकूंनी इंजिन बंद केलं.

"त्यांना काय विचारतोस? मी माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. परत आले तर ठोकळा नळाखाली, आणि दाराजवळचं कॅलेंडर चुलीवरच्या भिंतीला. दरवर्षी जुनं काढून नवं मीच लावते. त्याच्यामागं भिंतीला तडा आहे, एवढा." त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला.

उस्ताद खाली बसले. त्यांनी गुडघे चोळले.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही डिझेलचं सांगत होतात. म्हटलं, असेल डिझेलचं."

भाऊ पिशवी आवरायच्या निमित्ताने पाठ करून हसला.

सोमवारी सकाळी ड्रायव्हर आला. ढिगांवर वाफ होती आणि काकू सीटवर होत्या, केस डाव्या हाताने गुंडाळलेले. फाटकाजवळ खुर्ची नव्हती. ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिलं, तर उस्ताद खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसले होते आणि हात वर करून "ये, ये, अजून ये, बस" असं मागचं सांगत होते.

"मला बोलावलं होतं तुम्ही," ड्रायव्हर म्हणाला.

"हो, बोलावलं होतं," उस्ताद ट्रॅक्टरवरची नजर न काढता म्हणाले. "पण चालवायला आहे माणूस. मागचं बघायला नव्हता, तो आता मी आहे."